‘बंद पडतो’ म्हणजे नक्की काय होतं?

२०२३ च्या जुलैअखेरीस, दिवाळी अंकांची पहिली पानं यायला लागली आणि माझा कॉम्प्युटर बंद पडायला लागला. मी डोंबिवलीत घरून डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं लावायचं, काम करतो. वर्षातले नऊ महिने जेमतेम आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर मान वर करायला फुरसत नाही, असा हा धंदा. त्यामुळे मशीन आजारी पडायला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

मशीन माझंच, मीच जोडलेलं. २०२० च्या दिवाळीत, घरात बसून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं तेव्हा सुटे भाग आणून असेंबल केलेलं. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, एक साधंसं ग्राफिक्स कार्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि ‘डबाच तर आहे’ म्हणून घेतलेलं सर्वांत स्वस्त कॅबिनेट. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

पहिल्या आठवड्यात तीनदा निळा पडदा आला, म्हणजे विंडोज कोलमडताना दाखवतं तो. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, एकदा भलतंच काही. मधेच दोनदा काहीही न सांगता मशीन रिस्टार्ट झालं. मी या पाचही वेळांना एकच नाव दिलं: बंद पडला. बायकोने विचारलं तर ‘परत बंद पडला’. प्रकाशकाला फोनवर सांगितलं, ‘मशीन बंद पडतंय हो’. पुढचे दोन महिने वाया गेले ते बऱ्याच अंशी या दोन शब्दांमुळे.

स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. मशीन न बघताच त्याने औषध सांगितलं, ‘साहेब, एकदा फॉरमॅट मारून घ्या.’ आपल्याकडे कॉम्प्युटरच्या कोणत्याही दुखण्यावर हा अंगारा ठरलेला आहे. मीही मारला. विंडोज नव्याने टाकताना अर्ध्यात ‘फाइल खराब आहे’ असं सांगून ते थांबलं. दुसऱ्यांदा तोच पेन ड्राइव्ह, तीच फाइल, आणि सगळं सुरळीत पार पडलं. इथे माझ्या डोक्यात दिवा पेटायला हवा होता. पेटला तो चार दिवसांनी. एका संपादकांनी फोटोंची मोठी झिप फाइल पाठवली होती, ती उघडताना ‘सीआरसी एरर’ आली, म्हणजे आतला मजकूर मुळाशी जुळत नाही अशी तक्रार. पुन्हा उघडली तर व्यवस्थित. तिसऱ्यांदा पुन्हा एरर, पण या वेळी वेगळ्याच फोटोवर.

फाइल खरंच खराब असेल तर ती दर वेळी त्याच जागी अडेल. तीच फाइल कधी चांगली आणि कधी वाईट निघते, याचा अर्थ फाइल बरी आहे आणि ती वाचून जिथे ठेवली जाते ती जागा बरी नाही. म्हणजे रॅम. ब्ल्यूस्क्रीनव्ह्यू नावाचं छोटं मोफत साधन आहे, ते निळ्या पडद्याच्या वेळी विंडोजने लिहून ठेवलेल्या डम्प फाइली उलगडून दाखवतं. त्यात पाहिलं तर दर वेळी आरोपी निराळा. कधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर (विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषा प्रोग्रॅम), कधी फाइल सिस्टिमचा, कधी खुद्द विंडोजचा गाभा. एकच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा दिसला असता तर त्याच्यावर संशय घेता आला असता. रोज नवा चोर सापडतो तेव्हा साक्षीदारच खोटं बोलत असण्याची शक्यता जास्त.

आणि इथे मी ती चूक केली जी मी इतरांना करू नका म्हणून सांगत आलोय. एकाच संध्याकाळी दोन गोष्टी बदलल्या. दोन्ही रॅम काढल्या, सोनेरी पट्ट्या पोराच्या खोडरबराने घासल्या (हा देशी उपाय हसण्यावारी नेऊ नये, पट्ट्यांवरचं किटण खरंच निघतं), पुन्हा बसवल्या आणि त्याच दमात बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपीही बंद केलं. एक्सएमपी म्हणजे रॅमला तिच्या पाकिटावर लिहिलेल्या वेगाने पळवणारी सेटिंग. माझ्या रॅमवर ३२०० लिहिलं होतं आणि त्यासाठी तिला १.३५ व्होल्ट लागत. सेटिंग बंद केली की ती १.२ व्होल्टवर २६६६ च्या निवांत चालीने चालते.

चार दिवस मशीन गुणी बाळासारखं वागलं. आता गुण खोडरबराचा म्हणायचा की कमी झालेल्या वेगाचा? सांगता येईना. एक्सएमपी परत चालू केलं, दोन दिवसांत निळा पडदा. झालं, ‘वेगच झेपत नाहीये’ असा निकाल देऊन मी २६६६ वर कायमचा संसार मांडला. नवव्या दिवशी, बहात्तर पानांच्या अंकाची पीडीएफ निघत असताना, निळा पडदा. खोडरबरही नाही आणि वेगही नाही.

त्या रात्री शहाणपण सुचलं आणि शंभरपानी वही काढली. तारीख, वेळ, काय चालू होतं, काय दिसलं, आदल्या दिवशी काय बदललं होतं. एका दिवशी एकच बदल. ही वही पुढे या सगळ्या साधनांपेक्षा जास्त उपयोगी पडली.

विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी आधीच करून झाली होती, तिने ‘सब ठीक है’ म्हटलं होतं. तिच्यावर विसंबू नये. मेमटेस्ट८६ प्लस पेन ड्राइव्हवर घेतलं. ते विंडोजच्या बाहेर, मशीन चालू होतानाच सुरू होतं आणि रॅमच्या जवळजवळ प्रत्येक घरात ठरावीक आकडा ठेवून तोच परत येतो का ते तपासतं. १६ जीबीच्या एका फेरीला तास-दीड तास लागत होता. पहिली फेरी स्वच्छ, दुसरीही. मी झोपायला गेलो. सकाळी उठून पाहतो तर पडद्यावर लाल ओळी. ठेवलेला आकडा आणि परत आलेला आकडा शेजारी शेजारी छापलेले, फरक फक्त एका बिटाचा, म्हणजे एका शून्य-एकाचा. सगळ्या ओळींत तोच बिट, पत्तेही जवळपासचेच.

दोन्ही रॅम एकत्र असताना गुन्हेगार कोण ते ठरवता येत नाही. म्हणून एकेक. मदरबोर्डवर प्रोसेसरपासून मोजून दुसरी खाच, त्यात फक्त पहिली रॅम, रात्रभर. शून्य. त्याच खाचेत फक्त दुसरी रॅम, चाळीस मिनिटांत लाल. मग पहिली रॅम चौथ्या खाचेत, म्हणजे जिथे दुसरी बसत होती तिथे, पुन्हा रात्रभर. शून्य. ही शेवटची पायरी लोक गाळतात. खाच वाईट असूनही रॅमच्या नावाने खडे फोडले जातात आणि नवी रॅमही त्याच खड्ड्यात पडते. एक्सएमपी बंद ठेवूनच हे सगळं केलं, कारण चालू ठेवून चुका निघाल्या तर कंपनी म्हणू शकते की तुम्हीच जास्त पळवली.

८ जीबीच्या रॅममध्ये ६८ अब्जांहून जास्त बिट असतात. त्यातला एखादा बिघडला तर मशीन रोज ठराविक वेळी का बंद पडत नाही, हे मी घरी असं समजावलं: वाड्यातली एकच खोली गळकी आहे. ज्या दिवशी तिथे रिकामी खाट असते त्या दिवशी कोणाला पत्ता लागत नाही. एखादा फोटो तिथे उतरला तर त्यावर रेघ उमटते. आणि विंडोजच्या मालकीचं सामान तिथे पडलं तर अख्खा वाडा खाली.

रॅमची वॉरंटी शिल्लक होती. डोंबिवलीहून फास्ट लोकलने दादर, तिथून वेस्टर्नच्या स्लोने ग्रँट रोड, पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने विचारलं तर दुकानदारही क्षणभर थांबतो. बिलाची प्रत, लाल ओळींचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि रॅम काउंटरवर ठेवली. फोटो बघून पोऱ्याने एकही प्रश्न विचारला नाही. ‘तीन-चार आठवडे लागतील.’ पावती घेतली, कोपऱ्यावर वडापाव खाल्ला आणि रोग सापडल्याच्या आनंदात परत आलो.

दुसऱ्या दिवशी, रात्रभर तपासून सोडलेली एकटी रॅम असताना, मशीन फट्कन रिस्टार्ट झालं.

त्या संध्याकाळी मी वही बाजूला टाकून नुसता बसलो होतो. आपलं सगळं निदानच चुकलं असं वाटलं. रॅम बिचारी निर्दोष होती आणि आपण तिला उगीच मुंबईला धाडलं, इथपर्यंत विचार गेले. पण लाल ओळी तर खऱ्या होत्या. मग वही पुन्हा उघडली आणि शेजारी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून तारखा जुळवल्या. प्रत्येक बंद पडण्यापुढे ‘कर्नल-पॉवर, इव्हेंट ४१’ अशी नोंद. ही बघून लोक थेट एसएमपीएस विकत घेतात, नावात पॉवर आहे म्हणून. प्रत्यक्षात ती एवढंच म्हणते की मागच्या वेळी मशीन नीट बंद न होता सुरू झालं. का, ते तिला माहीत नसतं. मात्र नोंदीच्या पोटात ‘बगचेककोड’ म्हणून एक आकडा असतो. निळा पडदा आलेल्या वेळी तिथे काहीतरी आकडा होता. नुसत्या रिस्टार्टच्या वेळी तिथे शून्य, आणि डम्प फाइलही नाही.

म्हणजे पहिल्या आठवड्यापासून दोन दुखणी होती. एकात विंडोजला मरताना दोन शब्द बोलायला वेळ मिळत होता, दुसऱ्यात तेवढाही नाही. मी दोन्ही एकाच बादलीत भरत होतो. रॅम गेल्यापासून निळा पडदा एकदाही आला नव्हता, ते दुखणं खरंच बरं झालं होतं. दुसऱ्याला मी अजून हातच लावला नव्हता.

दुसऱ्याचा पहिला संशयित अर्थात एसएमपीएस. मल्टिमीटरने पिवळी वायर मोजली, १२.०८ व्होल्ट. लाल ५.०३. दोन्हींना पाच टक्के वर-खाली चालतं, म्हणजे १२ ची वायर ११.४ ते १२.६ मध्ये हवी. पण मीटर सावकाश बघतो. हजारांश सेकंदाची डुबकी त्याला दिसत नाही, त्यामुळे मीटरने ‘पास’ केलेला एसएमपीएस पास झालेला असतोच असं नाही. मग प्राइम९५ (प्रोसेसरला घाम फोडणारी चाचणी) आणि ग्राफिक्सची परीक्षा एकत्र तासभर चालवली. प्रोसेसर ८४ अंशांवर, पंखा विमानासारखा ओरडतोय, आणि मशीन ढिम्म. बंद पडतं कधी, तर मी शांतपणे प्रुफं वाचत असताना. ओझं नसताना पडणाऱ्या रायझनसाठी बायोसमध्ये एक सेटिंग असते, ‘टिपिकल करंट आयडल’ नावाची. ती लावली, तीन दिवस थांबलो, फरक नाही. इलेक्ट्रिशियन आणून अर्थिंग तपासलं. ते चांगलं निघालं, वर तीनशे रुपये गेले. यूपीएस काढून थेट भिंतीत पिन लावली. फरक नाही.

आणि मग मी धीर सोडला. साडेपाच हजारांचा नवा एसएमपीएस मागवला. मित्राकडून चार दिवसांसाठी मागून आणता आला असता, पण अंकाच्या तारखा डोळ्यांपुढे नाचत होत्या. नवा बसवला. तिसऱ्या दिवशी रिस्टार्ट. जुना अजून माळ्यावर जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलाय. विकायला मन होत नाही, तो निर्दोष होता.

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेत. कॉम्प्युटर त्यांना टाइप करण्यापुरता येतो. गणपतीची वर्गणी घ्यायला आले होते, कॅबिनेट उघडं पडलेलं बघून थांबले.

‘काय होतंय रे?’

‘बंद पडतो काका. मधेच.’

‘बंद पडतो म्हणजे नक्की काय होतं?’

‘म्हणजे... बंद पडतो. पडदा काळा होतो आणि परत सुरू होतो.’

‘पंखे थांबतात का?’

मला सांगता आलं नाही. दीड महिना झाला होता, पंचवीसेक वेळा हे घडलं होतं आणि पंखे थांबतात का ते मला ठाऊक नव्हतं, कारण दर वेळी मी पडद्याकडे बघून शिव्या देत होतो.

‘आमच्याकडे सिग्नल गेला एवढंच लिहिलं की साहेब कागद परत पाठवायचा,’ काका म्हणाले. ‘दिवा गेला, वायर तुटली की रिले, म्हणजे आतला स्विच, चिकटला, ते लिही म्हणायचा. पावती फाडू का पाचशेची?’

फाडली. आणि मोबाइल स्टँडवर लावून उघड्या कॅबिनेटकडे तोंड करून व्हिडिओ सुरू केला. तो दोन दोन तासांनी पुसायचा आणि नवा लावायचा. तिसऱ्या संध्याकाळी सापडलं. पडदा काळा झाला तेव्हा प्रोसेसरचा पंखा थांबला नाही, उलट क्षणभर जोरात फिरला आणि मग आपल्या गतीवर आला. वीज गेलेलीच नव्हती. एसएमपीएसला आपल्या रक्षणासाठी बंद व्हावं लागलं असतं तर पंखा मंदावला असता, थांबला असता. इथे जणू कोणीतरी मशीनला म्हणत होतं, ‘चल, पहिल्यापासून सुरू कर.’

दरम्यान बदलून आलेली रॅम गणपतीच्या आधी घरी पोहोचली. दोन्ही मिळून रात्रभर तपासल्या. शून्य चुका. एक्सएमपी चालू केलं, शून्य. निळ्या पडद्याचा खटला बंद.

१९ सप्टेंबरला गणपती बसले आणि त्याच दिवशी मी मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर टेबलावर मांडला. प्रोसेसर, रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड, एवढंच. चालू करायला बटण नाही, म्हणून ज्या दोन पिनांवर ते जोडलेलं असतं त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. दर्शनाला आलेल्या एका आजींनी त्यालाही हात जोडले. सात दिवस त्या उघड्या संसारावर मी दोन अंकांची पानं लावली. एकही रिस्टार्ट नाही.

बाहेर ठीक आणि आत बेठीक. मग पत्र्याला काहीतरी टेकतंय. बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खांब, मोजले. एखादा जास्तीचा, भोक नसलेल्या जागी राहिला तर बोर्डाच्या मागच्या बाजूला टेकून शॉर्ट करतो. सगळे जागच्या जागी. बोर्ड परत आत बसवला, दुसऱ्या दिवशी दुपारी रिस्टार्ट. व्हिडिओत पुन्हा तेच, पंखा चालूच.

वहीत दोन रकाने पाडले. बाहेर असताना काय नव्हतं? पत्रा. कॅबिनेटचे पंखे. समोरचे यूएसबी. समोरचा ऑडिओ. पॉवरचं बटण. दोन दिवे. आणि सगळ्यात खाली, जवळजवळ विसरलेलंच, रिसेटचं बटण.

ते लिहिलं आणि हसू आलं. ‘पहिल्यापासून सुरू कर’ असं मशीनला सांगण्यासाठीच ते बटण असतं. मदरबोर्ड एका पिनेवर ठराविक व्होल्टेज धरून ठेवतो, बटण दाबलं की ती पिन ग्राउंडला जोडली जाते, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रिसेट होतो. विंडोजला कळायच्या आत. म्हणून शून्य, म्हणून डम्प नाही, म्हणून पंखा चालू. स्क्रूड्रायव्हरने चालू करताना मी ते बटण जोडलंच नव्हतं.

पण एव्हाना मी हुरळून जायला घाबरत होतो. फक्त रिसेटची दोन पिनी जोडणी काढली, बाकी काहीही हलवलं नाही. आठ दिवस शांत. मग मुद्दाम परत लावली. संध्याकाळपर्यंत दोनदा रिस्टार्ट. परत काढली. बाहेर काढलेल्या वायरींना मीटर लावला. न दाबलेल्या बटणाच्या दोन टोकांत मीटरला अनंत विरोध दिसायला हवा. माझा आकडा कधी अनंत, कधी काही किलोओहम, असा डोलत होता. समोरच्या पॅनेलला अंगठ्याने हलकं दाबलं की कोसळायचा. पॅनेल खोलून बटणाचा तांदळाएवढा स्विच पाहिला तर पायांपाशी हिरवट बुरशी आल्यासारखं किटण.

ते कुठून आलं याबद्दल माझा एक अंदाज आहे आणि तो मला आवडत नाही. दर शनिवारी मी कॅबिनेट काच पुसायच्या फवाऱ्याने पुसतो. फवारा फडक्यावर मारायचा असतो. मी तो थेट पॅनेलवर मारायचो, तीन वर्षं, आणि शेजारी पावसाळ्यात उघडी खिडकी. वहीतल्या तारखा शनिवारांशी जुळतात का ते पाहिलं, तसं काही स्पष्ट दिसत नाही. पण दुसरा संशयितही नाही.

काकांना जाऊन सांगितलं. ते पेपर वाचत होते. ‘म्हणजे रिलेच चिकटला,’ म्हणाले आणि पान उलटलं.

अंक वेळेवर गेले, एक सोडून, आणि त्या एकाचा दोष माझ्याकडे नव्हता. रिसेटची वायर मी टेपने कॅबिनेटच्या आत चिकटवून ठेवली आहे. दहा-वीस रुपयांचा स्विच बदलता येईल, पण लागतो कधी? परवा बहिणीचा चार वर्षांचा मुलगा आला होता. मी पानं लावत असताना खाली बसून ते बटण टकटक, टकटक दाबत राहिला. बहीण ओरडली, ‘अरे, मामाचं काम जाईल!’

‘दाबू दे गं,’ मी म्हटलं.